एक क्विंटल ते अख्खा लातूर जिल्हा : 46 दुपटींचा हिशेब

मोंढ्यातल्या जुन्या हमालाला विचारा, पोते केवढ्याचे? तो सांगेल, क्विंटलाचे. तूर असो, हरभरा असो की ज्वारी, शंभर किलोचे पोते पाठीवर घ्यायचे, फळीवरून ट्रकमध्ये चढायचे आणि थप्पी लावायची, हे नांदेड-लातूरच्या आडत बाजारात अनेक वर्षे रोजचे काम होते. बाबा आढावांनी आणि हमाल चळवळीने मानेचा, कण्याचा, गुडघ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला, त्यातून पोते पन्नास किलोवर येत गेले.

याच क्विंटलापासून एक विलक्षण खेळ सुरू होतो. 1981 साली जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन या दोघांनी अमेरिकेत ‘चॅम्पियन्स’ नावाचा खेळ काढला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण आपला महानायक कागदावर लिहून काढतो, एक जण निवेदक होऊन प्रसंग रंगवतो आणि ठरवलेले जमले की नाही ते फासे सांगतात. पडदा नाही, यंत्र नाही. मग या नायकाने इमारत उचलली, डोंगर उचलला, तर ते खरे कधी मानायचे? त्यासाठी नियमांच्या पुस्तकात बळाचे कोष्टक असते. त्यात सामान्य माणसाचे बळ 10 धरले आहे, आणि बळ 10 म्हणजे जीव लावून 100 किलो उचलता येणे. मोंढ्यातला एक क्विंटल.

पुढचा नियम एका ओळीचा आहे. बळ 5 गुणांनी वाढले की उचलायचे वजन दुप्पट होते. 15 ला 200 किलो, 20 ला 400. माणूसजातीची कमाल या खेळाने 20 च्या आसपास ठेवली, आणि ती जागा बरोबर निवडली असे माझे मत आहे. 2016 मध्ये इंग्लंडच्या एडी हॉलने जमिनीवरून 500 किलोचा बार उचलला, तेव्हा डोळ्यांतून आणि नाकातून रक्त आले होते. त्या क्षणाचे गुण मांडले तर 21 आणि 22 च्या मध्ये येतात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फडावर उतरणारे मल्ल, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, जे 1969 साली महाराष्ट्र केसरी झाले, आणि जगातले झाडून सगळे वजनउचल करणारे खेळाडू या कोष्टकात 10 ते 22 एवढ्याच अरुंद पट्टीत बसतात. माणसाची सगळी मेहनत, सगळा खुराक, सगळी तालीम मिळून बारा गुण.

तिथून वर कोष्टक कसे चढते ते पाहण्यासारखे आहे. बळ 60 ला 100 टन येतात. म्हणजे क्विंटलाच्या हजार पट, आणि त्यासाठी गुण वाढले केवळ 50.

बळ 83 ला आपल्या ओळखीचे एक ओझे येते. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. ‘जलदूत’ तिचे नाव. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पुढे त्या पन्नास झाल्या. प्रत्येक वाघिणीत सुमारे 50 हजार लिटर, म्हणजे एका खेपेला 25 लाख लिटर पाणी. वाघिणींचे वजन सोडून नुसत्या पाण्याचे 2,500 टन. हे सगळे पाणी एका दमात उचलायला या खेळात बळ 83 लागते. ते 342 किलोमीटर ओढत आणायला रेल्वेला इंजिन, रूळ आणि बरेच तास लागले, आणि ते शहराला पुरणारेही नव्हते, हे घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेल्या कुठल्याही लातूरकराला वेगळे सांगायला नको.

आता भीम. दुर्योधनाने विष घालून त्याला नदीत ढकलले, तो नागलोकात पोहोचला आणि तिथे रसाची आठ कुंडे पिऊन त्याला दहा हजार हत्तींचे बळ आले, असे महाभारतातले आदिपर्व सांगते. हत्ती सोंडेने साधारण 300 किलो उचलतो असे धरले, तर दहा हजार हत्तींचे 3,000 टन होतात. कोष्टकात बळ 84. जलदूतला 83 आणि भीमाला 84! दहा हजार हत्ती ही अतिशयोक्ती ऐकायला आभाळाएवढी वाटते, पण दुष्काळातल्या एका शहराची एका दिवसाचीही तहान न भागवणारे पाणी उचलण्यातच ते सगळे हत्ती दमतात. दुष्काळाचे परिमाण समजून घ्यायला मला याहून चांगला आकडा अजून सापडलेला नाही.

धरणांकडे जाऊ. लातूरला पाणी देणारे धनेगावचे मांजरा धरण काठोकाठ भरले की त्यात सुमारे 224 दशलक्ष घनमीटर पाणी असते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन, तेव्हा वजन झाले 22 कोटी 40 लाख टन. बळ 165. पैठणचे जायकवाडी त्याच्या तेरा पट, 2,909 दशलक्ष घनमीटर, आपल्या बोलण्यातले 102 टीएमसी. वजन 290 कोटी टन, बळ 184. तेरा पट मोठे धरण, आणि गुणांत फरक 19 चा. दुपटीचा नियम मोठ्या आकड्यांना असा दाबून बसवतो.

चित्रकथांमध्ये नायकाला याहून मोठी ओझी दिली जातात. 1984 मध्ये ‘सीक्रेट वॉर्स’ या मालिकेच्या चौथ्या अंकात हल्कने अंगावर पडलेली पर्वतराजी हातांवर तोलून धरली. तिचे वजन अंकातच दिले आहे, 15 हजार कोटी टन. म्हणजे काठोकाठ भरलेली पन्नासहून अधिक जायकवाडी धरणे. कोष्टकात बळ 212.

मग अख्खा लातूर जिल्हा उचलायचा ठरवला तर? 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे 617 मीटर खोल वेधन केले गेले. त्यात वरचा 338 मीटर काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट लागला, मग थोडा गाळाचा थर आणि त्याखाली फार प्राचीन खडक. जिल्ह्याचे क्षेत्रफळ 7,157 चौरस किलोमीटर. बेसॉल्ट सगळीकडे तेवढाच जाड आहे असे धरून (तो तसा नाही, कुठे कमी कुठे जास्त आहे) हिशेब केला, तर औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, चाकूर या सगळ्यांच्या खालच्या बेसॉल्टच्या फरशीचे वजन सुमारे 7 लाख कोटी टन भरते. ती उचलायला बळ लागते 240.

आपल्या क्विंटलापासून तिथपर्यंत 46 दुपटी. 100 किलोला 46 वेळा दोनाने गुणत जा, हातात लातूर जिल्हा येतो. आणखी 30 दुपटी केल्या तर पृथ्वीचे वजनही मागे पडते. पृथ्वीचे गुण येतात 388.

ज्याच्यासाठी असे आकडे प्रत्यक्ष लिहून ठेवले गेले असा एक नायकही आहे. 1985 साली मेफेअर कंपनीच्या ‘डीसी हीरोज’ या खेळात सुपरमॅनचे बळ 50 होते. हा खेळ दुपटीचाच, पण त्याची पायरी एकेका गुणाची. शून्याला 50 पौंड, आणि दर गुणाला दुप्पट. तेव्हा 50 म्हणजे 25 लाख कोटी टनांहून जास्त, लातूर जिल्ह्यासारखे साडेतीन जिल्हे. पुढे चित्रकथांतच सुपरमॅनची ताकद उतरवली गेली, आणि 1989 च्या आवृत्तीत त्याचे बळ 25 झाले. निम्मे केले असे वाटते. प्रत्यक्षात ते 3 कोटी 35 लाखांहून जास्त पटींनी कमी झाले. 25 ला वजन येते साडेसात लाख टन.

हाच मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. दुपटीच्या पट्टीवरचे गुण आपण वजाबाकीने वाचतो, आणि ते वाचायचे असतात भागाकाराने.

तरीही खेळाला दुसरा मार्ग नव्हता. चॅम्पियन्समध्ये बळाच्या दर पाच गुणांमागे ठोशाला एक फासा मिळतो. हमालाला दोन फासे, सरासरी 7. लातूर उचलणाऱ्याला 48 फासे, सरासरी 168. फासेही वजनाच्या प्रमाणात वाढवायचे ठरवले असते, तर त्याला 140 लाख कोटींहून जास्त फासे टाकावे लागले असते. सेकंदाला एक फासा टाकला तर एका ठोशाचा हिशेब लागायला 44 लाख वर्षे. या उलट, टीएसआर कंपनीने 1984 मध्ये काढलेल्या मार्व्हलच्या खेळात बळाला शब्दांचे दर्जे दिले होते, आणि त्यातल्या महानायकांसाठीच्या वरच्या दर्जाचे मोजमाप 100 टनांच्या घरात होते. त्याच वर्षी हल्कने चित्रकथेत 15 हजार कोटी टन तोलले. शब्द लवकर संपतात. दुपटीची शिडी संपत नाही, आणि म्हणून मी तिच्या बाजूचा आहे.

तिच्या बाजूचे दुसरे कारण याहून पक्के आहे. डीसी हीरोजमध्ये वस्तू फेकायचा नियम असा: नायकाच्या बळातून वस्तूच्या वजनाचे गुण वजा करा, उरले तेवढे अंतराचे गुण. अंतराची पट्टीही दुपटीचीच, शून्याला 10 फूट. 1989 चा सुपरमॅन, बळ 25, लातूरच्या गंजगोलाईत उभा आहे आणि त्याच्या हातात दहा टनांचा ट्रक आहे. ट्रकच्या वजनाचे गुण 9. पंचवीसातून नऊ गेले, सोळा उरले. 10 फुटांना सोळा वेळा दुप्पट केले की येतात 200 किलोमीटर. ईशान्येकडे फेकला तर ट्रक नांदेड शहर ओलांडून माहूरच्या डोंगरांच्या जवळ जाऊन पडेल.

ही नुसती कल्पना आहे का? शाळेतल्या भौतिकशास्त्राने तपासू. हवेचा अडथळा सोडला तर 200 किलोमीटर जाण्यासाठी वस्तूला सेकंदाला 1,400 मीटर वेग हवा. हा वेग हात पुढे नेताना दीड मीटरच्या अंतरात द्यायचा, तर लागणारा जोर साधारण साडेसहा लाख टनांच्या वजनाइतका निघतो. आणि कोष्टक म्हणते, हा नायक साडेसात लाख टन उचलू शकतो. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ बसतात, यामागे कारण आहे. फेकीचे अंतर हे बळ आणि वजन यांच्या भागाकारावर अवलंबून असते, आणि दुपटीच्या पट्टीवर भागाकार म्हणजे वजाबाकी. तो नियम लिहिणाऱ्याने न्यूटनचे गणित एका वजाबाकीत उतरवले. फासे खेळणारी बारा वर्षांची मुलगी ते तोंडी करते.

ट्रकचे काय होईल, हे मात्र नियम सांगत नाही. त्या दीड मीटरमध्ये ट्रकच्या प्रत्येक किलोला स्वतःच्या वजनाच्या सुमारे 66 हजार पट जोर सोसावा लागेल. एक किलोच्या पान्याचे वजन 66 टन झाल्यासारखे. ट्रक हातातच चुरा होईल.

इथून या विषयाचा सगळ्यात रोचक भाग सुरू होतो, कारण बळ पुरेसे असले तरी जग पुरत नाही. नायक उभा कशावर आहे ते बघा. आपली काळी माती कोरडी असताना बांधकामवाले तिच्यावर चौरस मीटरला साधारण 15 टन भार सुरक्षित मानतात. दोन तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे चारशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे काळ्या रानात उभ्या माणसाने स्वतःसकट 600 किलोंपर्यंत वजन घेतले तर ठीक. सुरक्षिततेसाठी ठेवलेली सूट काढून घेतली तरी दोन टनांच्या आत माती दबणार. एडी हॉलचे ओझे आणि त्याचे स्वतःचे वजन मिळून 700 किलोंच्या आसपास होते. माणसाचे बळ संपते त्याच्या आसपासच मराठवाड्याच्या मातीचा भरवसाही संपतो. पावसाळ्यात तर त्याच्या कितीतरी आधी.

माती खरवडून नायकाला उघड्या बेसॉल्टवर उभे करू. चांगला, भेगा नसलेला बेसॉल्ट चौरस मीटरला वीस हजार टनांच्या आसपास दाब सोसतो. दोन पायांखाली 800 टन. कोष्टकात हे बळ 75 ला येते. म्हणजे ज्याच्यात जलदूतचे पाणी उचलायची ताकद आहे, त्याच्या तळव्यांखालचा खडक ते उचलताना फुटेल. नांदेडच्या आग्नेयेला, देगलूर-बिलोलीकडे, बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागतो. तिथेही फार वेगळे घडणार नाही. भीमाची गदा पेलायला भीम होता, भीम पेलायला जमीन कुठली?

हातांची गोष्ट तशीच. लातूर जिल्ह्याची फरशी दोन तळहातांवर घेतली तर त्या जागी खडकावर येणारा दाब, तो खडक सोसू शकतो त्याच्या सुमारे 1,200 कोटी पट असेल. जिल्हा उचलला जाणार नाही, हात आरपार जातील. पुराणात कृष्णाने सात दिवस गोवर्धन करंगळीवर धरला आणि त्याला तडा गेला नाही, कारण तो देव आहे आणि कथेला तेवढे पुरते. चित्रकथांना हा प्रश्न उशिरा का होईना, पडला. 1993 मध्ये आलेल्या नव्या सुपरबॉयला अशी शक्ती दिली गेली की तो ज्याला स्पर्श करतो ती अख्खी वस्तू एका वेळी धरली जाते, दाब एका जागी येत नाही. माझ्या मते ही त्या सगळ्या साहित्यातली सगळ्यात प्रामाणिक कल्पना आहे. उचलणे आणि न मोडता उचलणे या दोन वेगळ्या शक्ती आहेत, हे तिने कबूल केले.

आता जे आपल्याला गांभीर्यानेच बोलायला हवे त्याकडे येतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झाले होते, गावे गाढ झोपेत होती. लातूर आणि शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातली किल्लारी-सास्तूर परिसरातली गावे काही सेकंदांत ढिगाऱ्यात गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर आली. दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. तीव्रता 6.2.

भूकंपाची पट्टीही दुपटीच्या घराण्यातलीच आहे. तीव्रता एकाने वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे 32 पट होते. आणि 32 म्हणजे पाच दुपटी. चॅम्पियन्सच्या कोष्टकात पाच दुपटी म्हणजे 25 गुण. भूकंपाचा एक अंक म्हणजे जवळजवळ बळाचे 25 गुण. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर ठेवता येतात.

ठेवून पाहू. 6.2 तीव्रतेच्या भूकंपात लहरींच्या रूपाने जेवढी ऊर्जा बाहेर पडते, तेवढ्या ऊर्जेने 1,280 कोटी टन वजन एक मीटर वर उचलता येईल. काठोकाठ भरलेली जवळजवळ साडेचार जायकवाडी धरणे, जमिनीपासून कमरेच्या वर. खेळाच्या भाषेत बळ 195. चित्रकथेतल्या हल्कपेक्षा फक्त 17 गुण कमी. आपल्या जिल्ह्याने एका पहाटे जे सोसले ते महानायकांच्या कोष्टकातल्या अगदी वरच्या ओळींत बसते, आणि तिथे फासे टाकणारा कोणी नव्हता.

म्हणूनच आकडे नीट वाचता येणे ही आपल्याकडे चैन राहात नाही. 21 मार्च 2024 च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, नांदेड आणि परभणीलाही धक्के जाणवले. अशा वेळी चौकाचौकात एक वाक्य ऐकू येते की किल्लारीला सहा होता, इथे साडेचार, म्हणजे थोडाच कमी. हा फरक 1.7 अंकांचा. पटींत मांडला तर किल्लारीची ऊर्जा त्याच्या साडेतीनशे पट होती. अफवेने घाबरलेल्या माणसाला हे सांगितले तर त्याला धीर येईल. आणि उलट बाजूने, पाच आणि सहा यांत काय मोठे, असे म्हणत घराच्या भिंतींकडे दुर्लक्ष करणाऱ्याला हेच सांगितले तर तो गवंड्याला बोलावेल.

लातूर पॅटर्नमध्ये शिकणाऱ्या हजारो मुलामुलींना दोनाचा लॉग 0.3010 हे झोपेतही पाठ असते. परीक्षेपुरते. त्यांच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की एखादा तास या खेळाला द्यावा. फळ्यावर एवढेच लिहावे: वजन किलोत घ्या, 25 ने भागा, उत्तर दोनाचा कितवा घात आहे ते काढा, त्याला 5 ने गुणा. मग प्रत्येकाने आपल्या गावची एक वस्तू निवडावी. विहिरीतला दगड, साखर कारखान्याचा एका हंगामातला ऊस, उदगीरच्या किल्ल्याचा बुरूज, विष्णुपुरीच्या जलाशयातले पाणी, काहीही. तिचे बळ काढावे आणि शेजारच्याच्या वस्तूशी ताडून पाहावे. दहा गुणांचा फरक म्हणजे चौपट आणि पन्नास गुणांचा फरक म्हणजे हजारपट, हे एकदा हाताने करून पाहिलेला मुलगा भूकंपाच्या बातमीतला दशांशही नीट वाचेल.